प्रश्नचिन्ह दाबणारं कुणीतरी

"मॅडम, मी हे बटण दाबू की नको, एवढंच सांगा. बाकीचं मी बघतो."

फोनवर जयसिंगपूरचे एक नर्सरीवाले होते. त्यांना वेबसाइटवर गुलाबाच्या कलमांचा नवा फोटो टाकायचा होता. फोटो चढला होता, आता फक्त 'प्रकाशित करा' हे बटण दाबायचं राहिलं होतं. पण प्रकाशित म्हणजे पेपरात छापून येणार, आणि छापून आलं की जाहिरातीचं बिल येणार, अशी त्यांची समजूत झाली होती. तसं काही नसतं, दाबा, असं मी सांगितलं. त्यांनी दाबलं. मग बराच वेळ शांतता. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, "झालं वाटतं. आता बोट काढू का?"

मी तेव्हा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात कामाला होते. छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून द्यायचं आमचं काम. नर्सरी, मंगल कार्यालय, दूध डेअरी, होमिओपॅथीचे डॉक्टर, असे आमचे लोक. साइट तयार झाली की मालकाला बोलावून एका दुपारी सगळं शिकवायचं, हातात एक छापील पुस्तिका द्यायची आणि नमस्कार करायचा, ही पद्धत होती. ती पुस्तिका कुणी उघडत नसे. अडलं की लोक फोन करत, आणि तो फोन माझ्याकडे येई. ऑफिसचे मालक मगदूम सर म्हणत, तुझा आवाज शांत आहे, तूच घे.

त्या गुलाबवाल्यांच्या फोननंतर मी सरांकडे गेले. म्हटलं, पुस्तिका बंद करू या. त्याऐवजी पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीशेजारी, प्रत्येक बटणाशेजारी एक लहानसं प्रश्नचिन्ह ठेवू या. ते दाबलं की तेवढ्याच गोष्टीबद्दल दोन ओळी उघडतील. सरांना फारसं पटलं नाही. लोक पुस्तिका वाचत नाहीत, ते हे कशाला वाचतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माणूस अडतो तिथे पुस्तिका नसते, ती घरी टीव्हीखाली असते. शेवटी निवडक साइटवर करून बघ म्हणाले.

मी त्या दोन-दोन ओळी फोनवर बोलत होते तशाच लिहिल्या. 'हे बटण दाबल्यावर फोटो सगळ्यांना दिसू लागेल. याचे पैसे लागत नाहीत. नको वाटला तर फोटो परत लपवता येतो.' अशा. आणि जोडीला एक सोय केली. कुठल्या साइटवर कुठलं प्रश्नचिन्ह किती दाबलं जातंय, हे आम्हाला ऑफिसात दिसत असे. हेतू साधा होता. एकच प्रश्नचिन्ह पुन्हा पुन्हा दाबलं जात असेल, तर त्यामागचं माझं वाक्य कळत नाहीये; ते बदलायचं.

फोन खरोखरच कमी झाले. गुलाबवाल्यांनी एकदा मुद्दाम फोन करून सांगितलं की आता फोन करायला काही कारणच उरलं नाही. आवाजावरून त्यांना त्याची थोडी चुटपुट लागलेली वाटली.

ज्या साइटवर आम्ही हा प्रयोग केला, त्यांत सांगलीची 'रंगसाज ड्रेपरी' होती. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणारं दुकान. शाळेची गॅदरिंग, हौशी मंडळांची नाटकं, गणपतीतले देखावे, यांना राजे, मावळे, द्रौपदी, यमराज असे सगळे पोशाख तिथून जात. मालक अनंतराव बोंगाळे, साठी उलटलेले. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा संदेश त्यांना घेऊन आमच्याकडे आला होता. वेबसाइटची कल्पना त्याचीच. अनंतराव कमी बोलत, पण एकदा दाखवलेलं विसरत नसत. प्रत्येक पोशाखाचा फोटो, खाली एका ओळीचं वर्णन, आणि त्याखाली तीनपैकी एक पर्याय: 'दुकानात आहे', 'भाड्याने गेला आहे', 'उपलब्ध नाही'. हे सगळं ते स्वतःच भरत.

त्या साइटवर एक प्रश्नचिन्ह जवळजवळ रोज दाबलं जाऊ लागलं. 'उपलब्ध नाही' या पर्यायाशेजारचं.

माझं तिथलं वाक्य होतं: 'वस्तू देण्याजोगी नसेल तर हे निवडा.' मी ते पुन्हा वाचलं आणि मलाच ते मोघम वाटलं. देण्याजोगी नाही म्हणजे काय? मळलेली? फाटलेली? मी बदललं: 'ही वस्तू यापुढे भाड्याने द्यायची नसेल तर हे निवडा.' दाबणं थांबलं नाही, उलट वाढलं. मग मी फोनवर बोलते तसं अगदी उघड करून लिहिलं: 'वस्तू विकली असेल, फाटली असेल किंवा हरवली असेल तर हे निवडा. ती परत यादीत येणार नाही.' याहून सोपं मला लिहिता येत नव्हतं. तरीही दुपार झाली की ते प्रश्नचिन्ह दाबलं जाई. कधी एका दुपारी तीन-चार वेळा.

मग मी जरा खोलात शिरून पाहिलं. ती साइट दोन वेगवेगळ्या फोनवरून उघडली जात होती. एका फोनवरून पोशाखांची माहिती बदलली जाई, नवे फोटो चढत, पर्याय निवडले जात. तिथून प्रश्नचिन्ह कधीच दाबलं गेलं नव्हतं. दुसरा फोन जुन्या बनावटीचा. त्यावरून अलीकडे एकही बदल केलेला नव्हता, एक अक्षरसुद्धा नाही. त्यावरून फक्त प्रश्नचिन्हं दाबली जात होती. सगळीकडची, आणि फिरून फिरून त्या एकाच ठिकाणची.

कुणीतरी नुसतं विचारत होतं. करत काहीच नव्हतं.

सरांना दाखवलं, तर त्यांना वेगळीच शंका आली. मालकाखेरीज दुसऱ्या कुणाच्या हाती पासवर्ड लागलाय, बदलून टाक, म्हणाले. मी म्हटलं, बदलला तर कोण होतं ते कधीच कळणार नाही. सर हसले. तुला कळून काय करायचंय, म्हणाले. पण एखादा माणूस आपलं एकच वाक्य रोज ऐकायला येतो आणि काही न बोलता निघून जातो, हे डोक्यातून जाईना.

मी अनंतरावांना फोन केला. काही अडचण येते का, असं विचारलं. नाही म्हणाले, सगळं व्यवस्थित चाललंय. मी प्रश्नचिन्हाचा विषय काढला. ते म्हणाले, "मी काय काय करतो ते तुम्हाला तिकडून दिसतं का, मॅडम?" मी सांगितलं की तसं नाही, कुठे मदत लागली एवढंच कळतं. त्यावर ते म्हणाले की त्यांना मदत लागलेलीच नाही. ते चिन्ह त्यांनी कधी दाबलेलंच नाही. आणि फोन ठेवला.

पुढच्याच शनिवारी मला सांगलीत दुसऱ्या कामासाठी जायचं होतं. काम आटोपलं आणि मी गावभागात जाऊन रंगसाज ड्रेपरी शोधली.

अरुंद गल्लीत खाली दुकान, वर घर. दुकानात डांबरगोळ्यांचा आणि जुन्या जरीचा मिळून एक वास होता. भिंतीला लागून लाकडी कपाटं, मध्ये पोशाख टांगायच्या लांब दांड्या. नोव्हेंबर लागला होता, गॅदरिंगचा हंगाम तोंडावर आलेला. पण दांड्यांवर बरेच हँगर नुसते लटकत होते. मी म्हटलं, हंगाम लवकर सुरू झाला वाटतं, पोशाख गेलेले दिसतायत. अनंतराव "हं" म्हणाले आणि माझ्यासाठी स्टूल पुसू लागले.

मी त्यांना दोन फोनचं सांगितलं. पासवर्ड आणखी कुणाला दिलाय का, असं विचारलं. त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. हा नवा, संदेशने घेऊन दिलेला. आधीचा होता, त्यावरून सुरुवातीला काही दिवस त्यांनी साइट चालवली होती. मग नवा आला.

"मग जुना कुठे आहे?"

"वर आहे. हिला दिलाय, अभंग ऐकायला."

"काकू साइट बघत असतील मग."

"तिला दिसत नाही," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. साखरेनं गेले डोळे."

हे सांगताना ते माझ्याकडे पाहत होते, आणि सांगून झाल्यावर त्यांनी नजर वळवली. काहीतरी त्यांच्या लक्षात येत होतं, पण काय ते मला कळत नव्हतं. मी विचारणार, तेवढ्यात वरून बाईचा आवाज आला. कोण आलंय, असं विचारत होत्या. अनंतरावांनी मान वर करून सांगितलं, कोल्हापूरच्या वेबसाइटवाल्या मॅडम आल्यात, निघाल्यातच. वरून उत्तर आलं, निघाल्यात कशा, चहा घेतल्याशिवाय? वर पाठवा त्यांना.

अनंतराव म्हणाले, चला. जिना उभा होता, धरायला दोर बांधलेला. ते माझ्या मागून येत होते, अगदी सावकाश.

इंदुमतीकाकू खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, फिकट निळ्या सुती साडीतल्या. फोन खिडकीच्या कट्ट्यावर होता. माझं पाऊल खोलीत पडताच त्यांनी चेहरा वळवला आणि विचारलं, "तूच का ती? प्रश्नचिन्हं लिहिणारी?"

मी हो म्हटलं.

"काहीतरी बोल ना. 'हे बटण दाबल्यावर' असं म्हण."

मी म्हटलं. त्या हसल्या. म्हणाल्या, फोनमधली बाई अगदीच कोरडं बोलते. तुझा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. त्यांची भाची एकदा राहायला आली होती. तिने त्या जुन्या फोनवर वाचून दाखवण्याची सोय चालू करून दिली. पडद्यावरून बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. अभंग शोधता शोधता एक दिवस बोटाखाली 'रंगसाज ड्रेपरी' आलं. काकू दचकल्या. वेबसाइट केल्याचं त्यांना माहीत होतं, पण ती म्हणजे काहीतरी पाटीसारखी जाहिरात असेल असं त्या समजत होत्या. उघडली तर आत अख्खं दुकान. अनंतरावांचा जुना फोन, त्यात पासवर्ड भरलेलाच, त्यामुळे तो मालकाचाच दरवाजा होता. सगळ्या चौकटी, सगळी बटणं आत उघडी. तेव्हापासून जेवणं झाली, अनंतराव खाली गेले, की त्या दुकानात हिंडून येत. आधी काही कळत नसे. चौकट, बटण, पर्याय, सगळं नुसतं कानावर आदळायचं. मग एकदा बोट प्रश्नचिन्हावर पडलं, आणि फोनने समजावून सांगायला सुरुवात केली.

"दुकानात काय चाललंय हे मला ह्यांना विचारावं लागतं," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, चाललंय. इथं कसं, विचारलं की लगेच उत्तर. आणि चौथ्यांदा विचारलं तरी कुणी कंटाळत नाही."

अनंतराव दारातच उभे होते. चहाचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या पोशाखांपैकी बहुतेक काकूंनीच शिवलेले होते. अनंतराव कापड बेतत, काकू मशिनवर बसत. डोळे गेल्यावर जिना बंद झाला. त्या खाली उतरल्या त्याला बराच काळ लोटला होता. आता फोन एकेक पोशाखाचं नाव घेई आणि त्यांना तो दिसे. 'लाल शालू, जरीकाठ', एवढंच अनंतरावांनी लिहिलेलं असे, पण त्यांना तेवढं पुरत होतं.

"एक विचारू तुला?" त्या म्हणाल्या. "'उपलब्ध नाही'जवळचं ते वाक्य तू सारखं का बदलतेस?"

मी सांगितलं. ते प्रश्नचिन्ह फार वेळा दाबलं जातं हे आम्हाला दिसत होतं. वाटलं, माझं वाक्य कळत नाहीये. म्हणून सोपं करत गेले.

"म्हणजे मी दाबत होते म्हणून तू बदलत होतीस."

"हो."

"आणि तू बदलत होतीस म्हणून मी दाबत होते."

मला अर्थ लागेना. काकूंनी मांडीवर हात ठेवले आणि समजावून सांगितलं, अगदी निवांतपणे, एखादी वीण सांगावी तशी. पहिल्यांदा त्यांना सापडलं की द्रौपदीचा लाल शालू 'उपलब्ध नाही'. त्यांनी प्रश्नचिन्ह दाबलं. 'देण्याजोगी नसेल तर', असं फोन म्हणाला. त्यांना वाटलं, उसवला असेल, कुणाकडे तरी दुरुस्तीला दिला असेल. आता दुरुस्ती त्यांच्या हातून होणार नव्हती, तेव्हा दुसऱ्याकडे देणं आलंच. मग दरबारातल्या राजाचा पोशाख तसाच झाला. मग राजपुत्राचा. मग एक दिवस वाक्य बदललं. 'यापुढे भाड्याने द्यायची नसेल तर.' हे त्यांना आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत ऐकून पाहिलं, तेच होतं. आणि काही दिवसांनी तिसरं आलं. विकली, फाटली किंवा हरवली.

"तिन्हींतलं एक," काकू म्हणाल्या. "फाटायचं नाही, शिवण माझी आहे. हरवायचं नाही, ह्यांच्या हातून आजवर रुमाल हरवलेला नाही. मग उरलं काय? पण म्हटलं, ही पोरगी वाक्यं बदलते. आज काहीतरी चौथं लिहिलं असेल. म्हणून रोज ऐकत होते."

मला खालच्या रिकाम्या हँगरांचा अर्थ कळला होता. अनंतराव दारातून आत आले आणि भिंतीशी ठेवलेल्या ट्रंकेवर बसले.

"अहो, कोण घेतंय?" काकूंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं. लपवायला आता काही राहिलं नव्हतं. लग्नाआधीचे फोटो काढून देणारी पुण्यातली मंडळी होती, संदेशच्या ओळखीने आलेली. त्यांना जुन्या हातचे, भरजरी कपडे हवे होते. इकडे शाळा हल्ली तयार पोशाख ऑनलाइन मागवतात, एकदा वापरून टाकून देतात. हौशी मंडळं उरली थोडी. कपाटातल्या मालाला कसर लागत होती आणि एकट्याच्याने शिवण निघत नव्हती. एकदम सगळं विकायचं त्यांच्या जिवावर आलं, म्हणून एकेक देत होते. हे सारं ते जमिनीकडे बघत बोलले. काकूंना दिसत नव्हतं तरीही.

"मला सांगितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तुला दिसत नाही. म्हटलं, निदान तुझ्या मनात तरी दुकान जसंच्या तसं राहू दे. भरलेलं."

काकू म्हणाल्या, "ते राहील हो. मला वाटलं, तुम्ही मलाच यादीतून काढून टाकलंत."

मी उठून निघावं असं वाटत होतं, पण उठताही येत नव्हतं. तेवढ्यात अनंतरावांचा फोन वाजला. त्यांनी पाहिलं आणि तसाच वाजू दिला. काकूंनी विचारलं, त्यांचाच का? ते हो म्हणाले. पेशवाई अंगरखा न्यायला संध्याकाळी माणूस यायचा होता. काकूंनी हात पुढे केला आणि सांगितलं, आधी अंगरखा वर आणा, मग मला फोन लावून द्या.

अनंतराव खाली जाऊन अंगरखा घेऊन आले. काकूंनी तो मांडीवर पसरला आणि गळ्यापासून घेरापर्यंत हात फिरवला. बाहीच्या टोकाशी थोडा वेळ हात थांबला. मग अनंतरावांनी फोन लावून स्पीकर चालू केला आणि त्या बोलल्या. पलीकडचा माणूस नम्र होता. त्यांनी त्याला किमतीबद्दल काहीच विचारलं नाही. नेल्यावर अंगरख्याचं काय करणार, एवढंच विचारलं. तो म्हणाला, पाठीत मधोमध कापून दोन्हीकडे नाड्या लावतो, म्हणजे जाड-बारीक कुणालाही बसतो. सगळेच कपडे तसे केलेत. समोरून फोटोत कळत नाही.

"पाठ कापता?" काकू म्हणाल्या. मी ट्रंकेकडे पाहिलं. अनंतरावांनी डोळे मिटले होते.

काकूंनी विचार केला. रडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांच्या कपाळावर आठी पडली होती ती हिशेब मांडणाऱ्या माणसाची. त्या म्हणाल्या, "मग हा नाही मिळायचा. तुम्ही दरबाऱ्यांचे घेऊन जा, ते चार आहेत. त्यांना पाठीत माया ठेवलेली आहे, शिवणीत जास्तीचं कापड आहे, कापले तरी चालतात. आणि नेताना मला भेटून जा, नाड्या कुठे लावायच्या ते सांगते. नाहीतर खांदे उतरतील."

फोन बंद केल्यावर त्यांनी अनंतरावांना सांगितलं की विकायला त्यांची ना नाही. दुकान काही जन्मभर चालत नसतं. पण काय जातंय आणि कशासाठी जातंय, हे ज्याने शिवलं त्याला कळलं पाहिजे. अनंतराव म्हणाले, हो. मग चहा झाला. तो त्यांनीच केला, आणि साखर घालताना काकूंचा पेला वेगळा ठेवला.

मी निघताना काकूंनी मला थांबवलं.

"तुझं ते प्रश्नचिन्ह उत्तर देतं. त्याला उलट विचारता येतं का?"

"म्हणजे कसं?"

"म्हणजे, ह्यांनी 'उपलब्ध नाही' दाबलं, की त्यानेच विचारायचं: इंदूला सांगितलंत का?"

करता येईल, असं मी म्हटलं. तसा प्रश्न विचारला की खाली दोन बटणं द्यावी लागतात, एक 'हो' आणि एक 'नाही'. काकू म्हणाल्या, 'नाही' नको. त्याच्याऐवजी 'आत्ता सांगतो' असं लिही. मी अनंतरावांकडे पाहिलं. ते पेले विसळत होते. पाठमोरे होते, पण मानेने त्यांनी होकार दिला.

सोमवारी ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा सर आधी हसले. मग गंभीर झाले. एका दुकानासाठी पडद्यावर असा प्रश्न विचारणारी वेगळी खिडकी म्हणजे उद्या प्रत्येकाला वेगळी द्यावी लागेल, म्हणाले. मी म्हटलं, देऊ. ते थोडा वेळ पेनाशी चाळा करत राहिले आणि म्हणाले, कर. पासवर्ड बदलायचं त्यांनी परत काढलं नाही.

ते दुकान नंतरही बरीच वर्षं चाललं, पूर्वीपेक्षा लहान होऊन. दुकानाचा नंबर काकूंच्या जुन्या फोनवर घेतला गेला, आणि शाळांच्या बाई कुठला पोशाख कुणाला बरा दिसेल हे वर काकूंनाच विचारू लागल्या, असं संदेशकडून कळलं. मी पुढे नोकरी बदलून पुण्याला आले. आजही माझं काम तेच आहे, लोकांना अडेल तिथे दोन ओळी लिहिणं. लिहिताना आता मी एक अंदाज करत नाही: दाबणारा कोण आहे याचा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो ती खिडकी बसवल्यानंतरचा पहिला आठवडा. मी रोज सकाळी गेल्या गेल्या सांगलीची साइट उघडून ठेवत होते. एका दुपारी अनंतरावांच्या नव्या फोनवरून सत्यभामेच्या हिरव्या शालूसाठी 'उपलब्ध नाही' निवडलं गेलं. लगेच खिडकी उघडली. इंदूला सांगितलंत का? 'आत्ता सांगतो' दाबलं गेलं.

'हो' दाबल्याशिवाय निवड पक्की होत नसे. मी वाट पाहत बसले. आता 'हो' येईल, मग शालू यादीतून जाईल. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शालू होता तिथेच राहिला, 'दुकानात आहे' म्हणून. मला वाटलं, माझ्या खिडकीत काहीतरी बिघाड झाला. तपासून पाहिलं, सगळं ठीक होतं.

आणखी दोन-तीन दिवसांनी त्या शालूखालचं वर्णन बदललेलं दिसलं. आधी तिथे 'हिरवा शालू, जरीकाठ' एवढंच होतं. आता लिहिलं होतं: 'हिरवा शालू, जरीकाठ. पदर जड आहे, डाव्या खांद्याला आतून दोन पिना लावाव्यात. उंच मुलीला शोभतो. नेण्याआधी फोन करा, बोलू.'